भिंतीला हात लावून

भाड्याच्या घरात एकवीस वर्षं काढल्यावर
एका वहीत दोन रकाने आखले आम्ही.
डावीकडं वडगाव, उजवीकडं भाग्यनगर.
मधली रेघ मी पट्टी न घेता मारली,
ती जरा वडगावाच्या पोटात शिरली.

वडगावात दीड गुंठा, कौलारू, मागं विहीर,
परसात कढीपत्ता. शेजारीण न विचारताच म्हणाली,
"जुलैत नाल्याचं पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत येतंय बघा,
चौथी कधी बुडली नाही."
मी पायऱ्या मोजल्या. चारच होत्या.

भाग्यनगरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या नि स्वयंपाकघर.
लिफ्ट नाही, लिफ्टची जागा आहे.
ईरण्णा एजंट तीच परत परत दाखवायचा,
"फ्यूचर हाय की वहिनी, फ्यूचर,"
नि त्या अंधाऱ्या चौकोनात
कुणीतरी ठेवलेली सिमेंटची दोन पोती, एक पंक्चर सायकल.

यल्लोजीचं एकच, जमीन ती जमीन,
हवेत घर घेऊन कुठं कुदळ मारणार?
मला नळ हवा होता.
शिवाय फॉल-पिकोला भाग्यनगरात दर चढा मिळतो,
साड्या कमी नेसतात, म्हणून जपून नेसतात.

कागद दोन्हीकडचे कानडीत.
आमच्यात वाचणारी एकटी कावेरी, नववीतली.
फरशीवर पालथी पडून, बोट ठेवून, मराठी करत जायची,
पूर्वेला रस्ता, पश्चिमेला कल्लाप्पाचं घर,
उत्तरेला सरकारी गटार.
"आणि दक्षिणेला?"
"दक्षिणेला चुलतेच. म्हणजे त्यांचे."
वडगावच्या उताऱ्यावर नावं सात. एक पणजीत, दोन वारलेली,
एकाचा पत्ता नुसता 'मुंबई'.
बँकेतल्या बाईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.
सीमा, सीमा हे लहानपणापासून ऐकत आले,
ती चारी बाजूंनी असते हे त्या दिवशी बघितलं.

शेवटी मामंजींना नेलं.
मोनाप्पा, बेचाळीस वर्षं यंत्रमागावर,
दोन्ही कान मागालाच देऊन आलेले.
वडगावात रिक्षातून उतरले, विचारलं काहीच नाही,
दाराशेजारी भिंतीला तळवा टेकवला.
पलीकडं तीन माग चालू होते.
त्यांची बोटं हळूहळू उठायला लागली, बसायला लागली,
ओठ हलत होते, धागे मोजल्यासारखे.
यल्लोजीनं माझ्याकडं बघितलं, मिटलं म्हणून.
मीही मनातल्या मनात
नळ, पिकोचा दर, सगळं खोडून टाकलं.

मग भाग्यनगर. दोन जिने, मधे एकदा बसून.
तिथंही त्यांनी भिंतीला हात लावला.
बराच वेळ. इतका, की ईरण्णानं घड्याळ बघितलं.
मग कान लावला, तो कशाला ते त्यांनाच ठाऊक,
नि हसले.
"ही झोपलीय," म्हणाले,
ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
रिकाम्या खोल्या तेच परत म्हणाल्या.
"हीच घ्या. मी लई जागलोय."

वही अजून आहे. मागून तिच्यात पिकोचा हिशेब चालतो.
वडगावच्या रकान्यात 'विहीर' लिहिलंय,
समोरची ओळ कोरीच.
दुपारी मामंजी फरशीवर उघडेच आडवे होतात.
खालच्या मजल्यावर कुणी मिक्सर लावला
की त्यांची दोन बोटं उठतात,
जरा थांबतात,
नि परत पडून राहतात.